या चुका टाळा: झाडापाशी न टिपलेलं हर्बेरियममध्ये सापडत नाही

पावसाळा सरला की एमएस्सीची मुलं हर्बेरियम शीटचे, म्हणजे वाळवलेली रोपं टाचलेल्या कागदांचे, गठ्ठे घेऊन येतात. रोप छान सपाट वाळलेलं असतं, टाकेही नीट घातलेले असतात आणि लेबलावर एवढंच: ‘कास, सप्टेंबर’. जीव कळवळतो. इतक्या श्रमांनी जमवलेला तो नमुना आता कशाचाच पुरावा उरलेला नसतो. कासचं पठार ही काही एक जागा नव्हे. उघडा जांभा, त्यावरची उथळ डबकी, बोटभर मातीचा थर, कडेची झुडपं. प्रत्येक ठिकाणची वनस्पती वेगळी.

गाव-तालुका, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि क्रमांक हे लेबलावर हवंच. त्याहून मोलाचं म्हणजे वाळल्यावर जे नाहीसं होणार ते: फुलाचा रंग, वास, चीक पांढरा की पाणीदार, फांद्या ताठ होत्या की जमिनीवर पसरलेल्या. ‘घरी गेल्यावर लिहू’ ही सगळ्यात महागात पडणारी चूक. विद्यार्थी असताना एका संध्याकाळी मी दोन पांढऱ्या फुलांच्या रोपांच्या नोंदी आठवून लिहिल्या. त्या अदलाबदल झाल्या असाव्यात अशी शंका आली आणि दोन्ही शीट बाद करावी लागली. ती रुखरुख अजून गेलेली नाही. आता आधी वहीत क्रमांक, मग त्याच क्रमांकाची चिठ्ठी रोपाला, आणि मगच रोप पिशवीत.

दुसरी चूक अर्धवट नमुन्याची. फुलांची शेंड्याकडची फांदी आणली की काम झालं असं वाटतं. पण पठारावरच्या पांढऱ्या बटणांसारख्या गेंदांच्या जाती ओळखायला पिकलेलं बी लागतं. बियांचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय कितीतरी गेंदांचं नाव ठरत नाही. वायतुरा या वनस्पतीची नर आणि मादी फुलं वेगवेगळ्या रोपांवर येतात, त्यामुळे एकच तुरा पाहून लिहिलेलं वर्णन अपुरंच. कंदीलपुष्पाच्या नळीतली रचना दाबात चेपून जाते, म्हणून एक फूल ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावं आणि बाटलीत पेन्सिलनं लिहिलेली चिठ्ठी टाकावी. पेनची शाई त्यात विरघळते. मात्र दुर्मीळ कंदीलपुष्पाचा कंद उपटू नका. फोटो, मोजमापं आणि परवानगी असेल तर एक फूल एवढ्यावर भागतं. वनखात्याची परवानगी आधी, सहल नंतर.

दाबलेल्या रोपावर बुरशी आली, तर बहुतेक वेळा पहिल्या तीन-चार दिवसांत कागद रोज बदललेले नसतात. बुरशी दिसताच मऊ ब्रशनं स्पिरिट लावा, कोरडा टिपकागद घाला आणि प्रेस (रोपं दाबून वाळवायचं साधन) उबदार, खेळत्या हवेत ठेवा. इस्त्री फिरवू नका, पानं ठिसूळ होतात. मांसल रोपं प्रेसमध्येही जिवंत राहून पानं गाळतात. ती आधी क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवावीत. कीड लागू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराइड वापरायची जुनी पद्धत विद्यार्थ्यांनी मुळीच करू नये, ते जहाल विष आहे. शीट प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत घालून उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवली की काम होतं. जुनी शीट हाताळल्यावर हात धुवा, कारण ते विष तिथे अजून असू शकतं.

ओळखीची किल्ली, म्हणजे दोन पर्यायांतून एकेक निवडत नावापर्यंत नेणारी मांडणी, मध्येच अडली की मुलं फोटोशी चेहरा जुळवून नाव लिहून टाकतात. तसं न करता मागे जा. बहुतेकदा घोळ अगदी सुरुवातीला झालेला असतो: पर्णिकेला (संयुक्त पानाच्या एका तुकड्याला) अख्खं पान समजलेलं असतं. कळी पानाच्या बेचक्यात असते, पर्णिकेच्या बेचक्यात नसते. कडुनिंबाची डहाळी हातात घेऊन हे एकदा पाहा, पुन्हा चुकणार नाही. उपपर्ण (देठाच्या बुडाशी येणारं छोटं पान) गळून गेलेलं असेल तर त्याचा व्रण शोधा. अंडाशय पाकळ्यांच्या वर की खाली हे बाहेरून ठरवू नका, ब्लेडनं फूल उभं कापा. तरीही अडलंच तर दोन्ही वाटांनी शेवटापर्यंत जा आणि पूर्ण वर्णनाशी ताडून पाहा.

नावांचा घोळ वेगळाच. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा, म्हणजे तिथल्या वनस्पतींचा वर्णनग्रंथ, १९०१ ते १९०८ दरम्यान आला. वर्णनांसाठी तो आजही हाताशी हवा, पण त्यातलं नाव जसंच्या तसं लेबलावर उतरवू नये. तिथली बाभूळ अकेशिया अरेबिका आहे. पुढे ती अकेशिया निलोटिका झाली. २००५च्या व्हिएन्नातल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या गटाकडे ठेवायचं ठरलं, २०११मध्ये मेलबर्नला ते कायम झालं, आणि आपली बाभूळ व्हॅचेलिया निलोटिका झाली. झाड तेच, नाव मात्र तपासूनच लिहा. ‘प्लान्ट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ ही सूची त्यासाठी मोफत आहे. शिंदळ माकुडी या मांसल वनस्पतीचंही असंच झालं. आधी ती फ्रेरिया या वंशातली एकुलती एक जाती होती. आज ती बाउसेरोशियात गणली जाते. तिच्या जवळच्या नातलगांची मांसल खोडं जवळजवळ निष्पर्ण असतात आणि हिला मात्र पावसाळ्यात चांगली पानं येतात, म्हणून ती निराळी वाटली होती. दिसणं आणि नातं या दोन गोष्टी आहेत.

वंशवृक्ष वाचताना तर हे फारच सांभाळावं लागतं. न्यू कॅलेडोनियातलं अँबोरेला हे झुडूप सपुष्प वनस्पतींच्या वृक्षात सगळ्यात आधी फुटलेल्या फांदीवर असतं, म्हणून मुलं त्याला फुलझाडांचं पूर्वज म्हणतात. ते पूर्वज नाही. आजच्या सगळ्या फुलझाडांइतकाच काळ तेही उत्क्रांत होत आलं आहे. फांद्या कुठे जोडल्या आहेत ते वाचायचं, टोकांचा वरून खालचा क्रम नव्हे. गाठीभोवती (जिथे दोन फांद्या फुटतात तिथे) फांद्या फिरवल्या तरी नातं तेच राहतं. आणि सगळी फुलझाडं एकदल किंवा द्विदल या शाळेतल्या विभागणीत सीताफळ, दालचिनी, मिरी आता नीट बसत नाहीत. त्यांचा मॅग्नोलिइड्स हा वेगळा गट आहे.

विविधता मोजताना एकाच फेरीवर यादी करू नका. एका ठिकाणी दहा चौकटी (मोजणीसाठी जमिनीवर आखलेले ठरावीक मापाचे तुकडे) आणि दुसऱ्या ठिकाणी तीस टाकून जातींचे आकडे शेजारी मांडणं ही उघड चूक आहे. चौकटी वाढवत जावं आणि नव्या जाती मिळणं कमी होतंय का, याचा आलेख काढावा. पठारावर जूनमध्ये, ऑगस्टमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये फुलणारं वेगळं. कारवी तर एकेका भागात आठ वर्षांनी एकदाच फुलते. तुमच्या फेरीत ती फुललेली नसेल, तर तसंच लिहा, तारखेसकट.