क्लेमॅटिस बियांपासून वाढवताना या चुका टाळा

क्लेमॅटिस या फुलवेलीचे बी पेरणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते: दोन महिने पाणी घातले, काहीच उगवले नाही, म्हणून कुंडी रिकामी करून तीत झेंडू लावला. यात दोष बियांचा क्वचितच असतो. हे बी वेलीवरून गळते तेव्हा त्यातील गर्भ अपुऱ्या वाढीचा असतो आणि थंड प्रदेशांतील अनेक जातींमध्ये तो आतल्या आत वाढून, थंडीचा काळ सोसून मगच रुजतो. पिवळ्या घंटेसारखी फुले येणाऱ्या टँग्युटिका जातीचे बारीक बी काही आठवड्यांत उगवते, परंतु मोठ्या फुलांच्या संकरित वाणांच्या टपोऱ्या बियांना सहा महिन्यांपासून दोन-तीन वर्षांपर्यंत कितीही वेळ लागू शकतो. म्हणून आपल्या हाती कोणत्या जातीचे बी आहे, याची चौकशी पेरणीपूर्वीच करावी आणि कुंडीवर जातीचे नाव व पेरणीची तारीख लिहून ठेवावी.

यात आणखी एक फसगत आहे. काही जातींची बीजपत्रे, म्हणजे बियांतली पहिली पाने, मातीखालीच राहतात. आधी मूळ खाली उतरते आणि वर बराच काळ काही दिसत नाही. नेमक्या याच वेळी ‘रुजले का’ हे पाहण्यासाठी माती उकरणारा माणूस कोवळे मूळ तोडून बसतो.

आपल्याकडे हिवाळा पुरेसा कडक नसल्याने अनेक जण बियांचे पाकीट तसेच फ्रीजमध्ये ठेवतात. कोरड्या बियांवर थंडीचा हा उपचार लागू पडत नाही. बी रात्रभर भिजवून, पिळल्यावर पाणी गळणार नाही इतपत ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) मिसळून, पिशवीत भरून, सुमारे ४ ते ५ अंश तापमानाला दोन ते तीन महिने ठेवावे. पिशवी बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये आणि पंधरा दिवसांनी एकदा बुरशी दिसते का ते पाहावे. उगवणीला १५ ते २० अंश तापमान मानवते, त्यामुळे पुणे-नाशिककडील वाचकांनी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पिशवी फ्रीजमध्ये ठेवली, तर पेरणी नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुखद हवेत करता येते. मार्चमध्ये पेरून पुढे उन्हाला दोष देण्यात अर्थ नाही.

पेरताना बी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा खोल घालू नये. वर जाड वाळूचा पातळ थर द्यावा, म्हणजे पाण्याने बी उघडे पडत नाही आणि शेवाळही कमी धरते. बागेतील चिकट माती आणि रोजचे भरपूर पाणी एकत्र आले की रोपे बुडाशी काळी पडून कोलमडतात. हा बुरशीजन्य रोग असून कोलमडलेले रोप वाचत नाही. म्हणून निचरा नीट ठेवून पाणी वरून ओतण्याऐवजी कुंडी पाण्याच्या थाळीत ठेवून खालून द्यावे.

जांभळ्या फुलांची जॅकमनी पाहून तिचे बी मागवणाऱ्यांची निराशा ठरलेली असते. इंग्लंडमधील वोकिंग येथील जॅकमन यांच्या रोपवाटिकेतून १८६० च्या दशकात पुढे आलेला हा संकर बियांतून जसाच्या तसा उतरत नाही. तोच रंग हवा असेल, तर छाट कलम किंवा दाब कलमच करावे लागते.

खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्यावर रोप वेगळ्या कुंडीत हलवावे व शेंडा खुडावा, अन्यथा एकच लांबलचक काडी वाढत राहते. वेलीला ऊन हवे असले तरी मुळे थंड राहावी लागतात, त्यामुळे कुंडीच्या बुडाशी दुसऱ्या झाडांची सावली असावी.

ही सारी उठाठेव नको असेल, तर सह्याद्रीत उगवणारी पांढऱ्या फुलांची मोरवेल याच कुळातली आहे आणि आपल्या हवेला ती सरावलेली आहे. तिचे बी हिरवे असताना तोडू नये. तपकिरी होऊन हलक्या स्पर्शाने सुटेल तेव्हाच घ्यावे. वेलीच्या रसाने त्वचेची आग होते, म्हणून हातमोजे घालावेत. बियांची पिसासारखी शेपटी कात्रीने कापून टाकावी, कारण तिच्यामुळे बी मातीला नीट टेकत नाही.