जळगावच्या उन्हात दहा मेगाहर्ट्झ

पहिलं क्रिस्टल ऑसिलेटर, म्हणजे क्वार्ट्झच्या कंपनांवर नेमकी फ्रिक्वेन्सी देणारं सर्किट, मी डिसेंबरात बांधलं. ओव्हन, म्हणजे क्रिस्टल एकाच तापमानावर ठेवणारी हीटरची डबी, ५० अंशांवर लावला होता आणि थंडीत ते इतकं गुणी वागलं की वाटलं, जमलं आपल्याला. मे महिन्यात पत्र्याखालची खोली ४५ च्या पुढे गेली, त्यात सर्किटची स्वतःची उष्णता. डबीच ५० च्या वर चढली. हीटर बंद, फ्रिक्वेन्सी मोकाट. ओव्हन तापवू शकतो, थंड करू शकत नाही. एवढं साधं कळायला पाच महिने गेले.

म्हणून खानदेशात हा नाद लागला असेल तर आधी मे महिन्याचा विचार करा.

बाजारातला साधा क्रिस्टल बहुधा एटी कटचा, म्हणजे क्वार्ट्झ सुमारे ३५ अंश १५ मिनिटांच्या कोनात कापलेला. तापमान वाढवत नेलं की त्याची फ्रिक्वेन्सी दोनदा वळण घेते. वरच्या वळणावर तापमान थोडं हललं तरी ती जवळपास हलत नाही; ओव्हन तिथेच लावायचा. पण हे वळण प्रत्येक क्रिस्टलचं वेगळं. दहा-बारा स्वस्त क्रिस्टल आणा, एकेक सावकाश तापवा आणि दर दोन अंशांना आकडा वहीत लिहा. कंटाळवाणं काम आहे, पण खरं शिक्षण यातच. माझ्या बारांपैकी दोघांचंच वळण सत्तरीजवळ, म्हणजे मे महिन्याच्या उष्णतेच्या बरंच वर, निघालं. एससी कट, म्हणजे वेगळ्या कोनांत कापलेला क्रिस्टल, याहून सरस, पण महाग, आणि नको त्या फ्रिक्वेन्सीवरही डोलू लागतो. सुरुवातीला त्याच्या वाटेला जाऊ नका.

हीटर चालू-बंद करणारा नको, करंट हळूहळू कमी-जास्त करणारा हवा. थर्मिस्टर, म्हणजे तापमान ओळखणारा भाग, क्रिस्टलला चिकटून; कपॅसिटर एनपीझिरो जातीचे, म्हणजे तापमानाने जवळपास न बदलणारे. हीटरची ग्राउंड वायर वेगळी ओढा; मी ती ऑसिलेटरच्याच ग्राउंडला जोडली आणि आठवडाभर क्रिस्टलला शिव्या घातल्या.

मोजायला जीपीएस मॉड्यूलचा दर सेकंदाचा पल्स पुरतो; त्याच्या तालावर ऑसिलेटरची कंपनं मोजायची. दहा मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक कोटी कंपनं, म्हणून १०० सेकंद मोजलं की एका आकड्याचा फरक म्हणजे अब्जात एक. शेजारी कूलर लावला तरी आकडा हलायचा. मग डबीभोवती थर्मोकोल आला.

राहिलं लोडशेडिंग. एकदा थंड झालेला क्रिस्टल पुन्हा तापल्यावर नेमका जुन्या जागी येत नाही, स्थिरावायला दिवस घेतो. म्हणून १२ व्होल्टची बॅटरी कायम जोडलेली असते. आई म्हणते, घरात पंख्याला इन्व्हर्टर नाही, याच्या डबीला आहे.