छत आधी, पलंग मग: जुन्या बसचं घर विदर्भाच्या उन्हात कसं टिकवावं

आमची बस आधी शाळेची होती. आता ती वरुडजवळ आमच्या संत्र्याच्या बगीच्यात कडुनिंबाखाली उभी असते, अन् बहार उतरला की आम्ही घरचे सगळे तिच्यात सामान भरून निघतो. इंजिनाकडे माझे दीर पाहतात, परतवाड्याला त्यांचं गॅरेज आहे. छत, वीज, पाणी अन् गॅस माझ्याकडे. भाऊजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "वैनी, पयले छत पाहा. पलंगाचं मंग पाहू." जो कोणी विचारायला येतो त्याला मी हेच सांगते.

त्याच्याही आधी कागद. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे, आरसीवर नोंदलेल्या गाडीत परवानगीशिवाय मोठा बदल करता येत नाही. सीटा काढायच्या आधीच आरटीओत जाऊन विचारा, बदलाची नोंद करून घ्या अन् विमावाल्यालाही लेखी कळवा. अपघात झाल्यावर हे सांगून उपयोग नाही.

आता छत. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. पत्रा दिवसा प्रसरण पावतो, रात्री आकसतो, अन् या ओढाताणीत रिव्हेटांची भोकं सैल होतात. मृगाचा पहिला पाऊस आला की गळती कळते. पण पाणी जिथे टपकतं तिथेच भोक असतं असं नाही. ते आतल्या कमानीवरून वाहत जाऊन हातभर लांब पडतं. म्हणून गळती शोधायला दोन माणसं लागतात: एक आत टॉर्च घेऊन, दुसरं वर पाण्याचा मग घेऊन. पाणी खालच्या कडेपासून थोडं थोडं वर सरकत ओता. वरूनच ओतलं तर सगळंच ओलं होतं अन् काही कळत नाही. आतल्या माणसाने ओरडलं की वरच्याने तिथे खडूची खूण करायची.

सैल रिव्हेट ड्रिलने काढून एक नंबर मोठं बसवा, खाली पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंटचा, म्हणजे जोड बुजवायच्या लवचिक लुगदीचा थर द्या. बाजारात सहज मिळतं म्हणून सिलिकॉन फासू नका. त्यावर रंग धरत नाही, अन् पुढच्या वर्षीचं सीलंटही धरत नाही. सगळं खरवडून काढावं लागतं, ते काम मोठं चिवट. जोड बंद झाले की पांढरा उष्णता परतवणारा रंग मारा. पैसे नसतील तर चुना चालतो, पण तो पावसात धुऊन जातो, दरवर्षी मारावा लागेल.

आतून थर्माकोल लावू नका, आग पकडतो. एसीच्या पाइपांना गुंडाळतात ती काळी नायट्रिल फोमची शीट घ्या. मात्र गळती पूर्ण थांबल्याशिवाय ती चिकटवायची नाही. पत्रा अन् फोमच्या मध्ये पाणी अडकलं तर गंज आतल्या आत खात राहतो, दिसतही नाही.

एसीच्या भानगडीत मी पडले नाही. आपल्या कोरड्या उन्हात कूलर झकास चालतो, फक्त त्याला हवा बाहेर जायला वाट हवी. कूलर ज्या खिडकीत, त्याच्या समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. सगळं बंद करून बसलात तर अर्ध्या तासात अंग चिकट होतं. पावसाळ्यात त्याचा उपयोग नाही, तेव्हा नुसता पंखा.

मोठ्या बसला चोवीस व्होल्ट असतात, म्हणजे बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक. घरातला बारा व्होल्टचा पंखा त्यातल्या एकाच बॅटरीला जोडणारे मिस्त्री भरपूर आहेत. त्यांना हात लावू देऊ नका. अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवतो तो) दोघींना एकच समजून चार्ज करतो, त्यामुळे एक उपाशी राहते, दुसरीचं पाणी उडतं, अन् शेवटी दोन्ही जातात. घराची बॅटरी वेगळी ठेवा, तिला सोलर द्या.

हिशोब असा करा: डीसी कूलरचा पंखा अन् मोटर मिळून साठ वॅट धरले तर रात्रीच्या आठ तासांचे 480 वॅट-तास झाले. बारा व्होल्ट, 150 एएचच्या (अँपिअर-तासांच्या) बॅटरीत 1800 वॅट-तास असतात, पण लेड-ॲसिडची अर्धीच वापरायची, म्हणजे 900. दिवे अन् मोबाइल धरूनही भागतं. सोलर पॅनल छताला चिकटवू नका, खाली चार बोटं जागा ठेवा. पंचवीस अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण 0.4 टक्के वीज कमी होते, अन् तापलेल्या पॅनलचं तापमान साठच्या वर सहज जातं. धूळ पुसायची ती सकाळी, काच गार असताना.

उभी बस चालत्या बसपेक्षा लवकर खराब होते. नुसती चालू करून बंद केल्याने तेल नीट तापत नाही, दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा. डिझेलची टाकी भरलेली ठेवा, रिकाम्या जागेत ओल धरते. ब्रेकची हवा साठते त्या एअर टँकचं पाणी सोडायला विसरू नका. पाण्याबरोबर तेल येत असेल तर कंप्रेसर दाखवा. कापसाचा भुरका अन् सोयाबीनचं कुटार रॅडिएटरच्या जाळीत भरतं. पाणी पंख्याकडून बाहेरच्या दिशेने मारा, उलट मारलं तर कचरा आणखी आत बसतो. उंदरांसाठी एअर फिल्टर उघडून पाहत जा, तिथे घर करतात.

पावसाळ्याआधी उभं राहायच्या जागेवर मुरूम टाकून घ्या. काळ्या मातीत बस एकदा बसली की ट्रॅक्टरही नुसता फिरतो.

टायरची नक्षी पाहून समाधान मानू नका. बाजूला चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांचं टायर पुढच्या चाकाला नको.

पाण्याची मोठी टाकी मागच्या टोकाला बसवू नका. दोनशे लिटर म्हणजे दोनशे किलो. पुढच्या अन् मागच्या चाकांच्या मध्ये, खाली बसवा. अर्धी भरलेली टाकी वळणावर हिंदकळते, म्हणून मी वीस लिटरच्या कॅनच ठेवते.

सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीवर साचतो. सिलिंडर ठेवायच्या पेटीला भोक तळाशी, बाहेरच्या बाजूला पाडा. जोड साबणाच्या फेसाने तपासा, काडी लावून नव्हे.

चिखलदऱ्याहून उतरताना नुसत्या ब्रेकवर गाडी धरू नका. जो गिअर चढताना लागला, त्याच गिअरमध्ये उतरा. भाऊजी म्हणतात, "ब्रेकच्या ड्रमाचा वास आला म्हंजे गाडी उभी करा, पाणी टाकू नका, ड्रम तडकते." मागचे हॉर्न वाजवतील, त्यांना साइड द्या.