ताप आला की करदोड्याखालीही पाहा
मी गावची आशाताई, आरोग्याचं काम करणारी, पण घरातला डाग मलाच उशिरा दिसला. पोळ्यानंतर आमचे हे धुऱ्यावरचं गवत कापून आले अन् आठ-दहा दिवसांनी तापानं फणफणले. गावात तीन दिवस इंजेक्शनं झाली, टायफॉइडच म्हणत होते. आंग पुसताना करदोड्याखाली काळी खपली दिसली. बिडीचा चटका बसावा तशी, भोवती लाल. दुखत नाही, खाजत नाही, मग माणूस सांगणार तरी काय!

तर ताप हटत नसेल तर काख, जांघ, कंबर, कानामागे बघा. लाजू नका. खपली नसली तरी 'गवतात गेलो होतो' हे डॉक्टरला सांगाच. हा स्क्रब टायफस. गवतातल्या बारीक किड्याची अळी चावून होतो, माणसापासून माणसाला नाही. 2018 मध्ये नागपूरकडे याचीच साथ होती. डॉक्टरनं डॉक्सीसायक्लिन वेळेत सुरू केलं तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. उशीर झाला तर फुफ्फुस, किडनी, मेंदूवर जातं.

गवत कापताना पूर्ण बाह्या घाला, पायजमा मोज्यात खोचा. गवतावर कपडे वाळवू नका. घरी आल्याबरोबर आंघोळ, अन् कपडे गरम पाण्यात. दुपट्टासुद्धा.