सारंगखेड्याच्या बाजारात अबलख घोडा घेताना

दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठच्या सारंगखेड्यात घोडेबाजार भरतो, तेव्हा पांढऱ्या-काळ्या किंवा पांढऱ्या-तांबड्या पट्ट्यांच्या अबलखाभोवती गर्दी होते. कोणी तो ‘पेंट’ म्हणून दाखवत असेल तर एवढं लक्षात ठेवा: अमेरिकन पेंट ही क्वार्टर हॉर्स आणि थरोब्रेड रक्ताची, नोंदणी असलेली जात आहे. अबलख हा नुसता रंग. मारवाडीत असतो, काठियावाडीत असतो, गावठी तट्टातही असतो. जातीचे पैसे मागितले, तर नोंदणीचे कागद मागा आणि त्यातलं वर्णन पट्ट्यांशी ताडून पाहा.

रंग खरा आहे का, हे पाण्याने कळतं. केस भिजवून फाकवा. पांढऱ्या पट्ट्याखाली कातडी गुलाबी हवी, गडद केसांखाली काळी. कडेला बोटभर मिसळ चालते. काळ्या केसांखाली मधोमध गुलाबी कातडी दिसली, तर कलप लावलेला आहे. पाठीवरचे छोटे पांढरे ठिपके बहुधा खोगिराच्या जुन्या जखमांचे असतात. डोळ्याभोवती गुलाबी कातडी असेल तर तिथे न भरणारी जखम किंवा गाठ शोधा. अशा कातडीला उन्हामुळे कर्करोग होऊ शकतो.

यानंतर रंग विसरा आणि पायांकडे या. घोड्याची किंमत पायांत असते. पहाटे, घोडा दावणीवरून सुटण्याआधी पोहोचा. फिरवून गरम केलेल्या घोड्याचा आखडलेपणा झाकला जातो. कडक जमिनीवर, दोर सैल सोडून, ३० मीटर सरळ दुडकी चालवायला सांगा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर उडतं. मग चारही खूर उचलून पाहा: कुजका वास, उभ्या भेगा, टाचेकडे रुंद होत गेलेली वलयं. ही वलयं खूर आतून सुजून गेल्याची खूण असते, आणि तो आजार उलटतो. वेदनाशामक टोचून लंगडेपणा एखादा दिवस लपवता येतो, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा न पाहता सौदा करू नका. खालचा ओठ लोंबतोय, डोळे पेंगुळलेत, मान खाली गेलीय, तर ‘शांत स्वभाव’ औषधाचा असू शकतो.

वय दातांवरून पाहा. पुढचे दुधाचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांना बदलतात. पाचव्या वर्षी तोंड पूर्ण होतं. वरच्या कोपऱ्यातल्या दातावर खाच हिरडीपाशी दिसू लागली की घोडा दहाच्या आसपास, निम्म्यापर्यंत आली की पंधराच्या. पुढच्या दातांची धार झिजलेली असेल तर दावणीचं लाकूड धरून हवा गिळण्याची खोड असू शकते. उंची खांद्याच्या उंचवट्यापाशी मोजा, आयाळीवरून किंवा डोक्यावरून नाही. घोड्याच्या मापातला हात चार इंचांचा: १५ हात म्हणजे ६० इंच.

विश्रांतीत मिनिटाला २८ ते ४४ ठोके आणि ८ ते १६ श्वास असतात. दौडीनंतर श्वास सोडताना कुशी दोनदा आत ओढली जात असेल, तर दम्याची शंका घ्या.

भोवरे (अंगावरच्या केसांची वळणं), पंचकल्याण (चारही पाय आणि तोंड पांढरं) हा श्रद्धेचा भाग आहे. त्यावर भाव चढतो, घोडा धडधाकट होत नाही.

ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या रक्ततपासणीवर मात्र तडजोड करू नका. हा रोग माणसालाही होतो, त्यावर लस नाही, आणि बाधित घोडा कायद्याने मारावा लागतो. नाकातून चिकट स्राव किंवा पायावर फुटणाऱ्या गाठी दिसल्या, तर हातही लावू नका.

इसार देताना पावतीवर नर-मादी, वय, उंची, पट्ट्यांचं वर्णन, उरलेली रक्कम आणि ‘तपासणीत दोष निघाल्यास इसार परत’ हे लिहून घ्या. दोन्ही कुशींचे फोटो काढून ठेवा. अबलखाचे पट्टे आयुष्यभर जागा सोडत नाहीत, त्यामुळे घोडा बदलला गेला तर लगेच कळतं. वाहतुकीसाठी पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला हवाच.

घरी आणल्यावर २१ दिवस इतर घोड्यांपासून लांब बांधा. बादली, खरारा वेगळा ठेवा. विक्रेत्याकडूनच चार दिवसांचा चारा-दाणा घ्या आणि ७ ते १० दिवसांत हळूहळू बदला. खुराक एकदम बदलला की पोटशूळ होऊ शकतो, आणि नवीन घोडा पहिल्याच आठवड्यात हातचा जाऊ शकतो.