पेरणीपूर्व सल्ला: पोटॅशची गोणी टिकटिकते, म्हणून घाबरू नका

बेसल डोसची (पेरणीच्या वेळच्या खताच्या पहिल्या मात्रेची) तयारी सुरू झाली की फोनवर एखादा व्हिडिओ हमखास येतो. पोटॅशच्या गोणीला कुणीतरी किरणोत्सार मोजायचं यंत्र टेकवतो, ते टिकटिकतं, आणि खाली मजकूर असतो: ‘बघा, रासायनिक शेती!’ टिकटिक खरी आहे, मजकूर खोटा.

निसर्गातल्या पोटॅशियमपैकी ०.०११७ टक्के पोटॅशियम-४० असतं आणि ते किरणोत्सारी आहे. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं विघटन पावायला लागणारा काळ, सुमारे १२५ कोटी वर्षं. एक ग्रॅम पोटॅशियम घ्या, त्यातून ३१ बेकरेलच्या (सेकंदाला एका अणूचं विघटन म्हणजे एक बेकरेल) आसपास किरणोत्सार मिळणारच. मग ते गोणीतलं असो, शेणखतातलं असो, लाकडाच्या राखेतलं असो की खडक झिजून आलेलं. मुळांना हा भेद कळत नाही. किलोभर बटाट्यात साधारण ४ ग्रॅम पोटॅशियम असतं, म्हणजे सव्वाशेच्या घरात बेकरेल. सेंद्रिय बटाटा असला तरी तेवढेच. खाणाऱ्याच्या शरीरातही ते साठत जात नाही, जास्तीचं लघवीवाटे निघून जातं.

आता हिशेब करू. ५० किलोच्या एमओपीच्या (म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे नेहमीचं पोटॅश खत) गोणीत पावणेआठ लाख बेकरेल भरतात. ऐकून छाती दडपते खरी. पण एका एकरातला वरचा १५ सेंटिमीटरचा थर सुमारे ९०० टनांचा. जगातल्या मातीत किलोमागे सरासरी ४०० बेकरेल पोटॅशियम-४० धरलं, तर त्या थरात आधीच ३६ कोटी आहेत. गोणीने पडलेली भर साडेचारशेव्या हिश्शाहूनही कमी. आणि हो, पोटॅशचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो. पांढरं एमओपीही तितकंच टिकटिकतं.

खरं लक्ष द्यायचं ते स्फुरदाकडे, म्हणजे फॉस्फरसच्या खतांकडे. ही खतं ज्यापासून बनतात त्या गाळाच्या फॉस्फेट खडकात किरणोत्सारी युरेनियम असतं, बरोबर कॅडमियम हा विषारी धातूही येतो. एसएसपी (सिंगल सुपर फॉस्फेट) करताना खडकावर गंधकाम्ल टाकतात, त्यामुळे खडकातलं बहुतेक सगळं खतातच राहतं. डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) बनवण्याच्या वाटेवर खडकातलं किरणोत्सारी रेडियम बरंचसं बाजूला निघणाऱ्या जिप्सममध्ये उतरतं, युरेनियम मात्र खतात येतं. रॉक फॉस्फेट सेंद्रिय शेतीत चालतं, म्हणजे ‘सेंद्रिय’ म्हणून युरेनियम टळलं असं होत नाही. पिकात युरेनियम फारसं चढत नाही, मुळांपाशीच अडतं. कॅडमियम पानापर्यंत पोचतं, आणि आम्लधर्मी जमिनीत जास्तच. मला विचाराल तर काळजी करायची ती कॅडमियमची.

तेव्हा माती तपासल्याशिवाय स्फुरद टाकू नका. अहवालात स्फुरद ‘भरपूर’ आला असेल तर या हंगामात हात आखडता घ्या. रॉक फॉस्फेट आम्ल जमिनीतच विरघळतं. चुनखडीच्या रानात ते नुसतं पडून राहतं, पैसे वाया.

जमीन सुधारण्यासाठी जिप्सम घेताना ते खाणीतलं की खत कारखान्यातलं, हे विचारा. कारखान्यातल्या फॉस्फोजिप्सममध्ये रेडियम असतं. अमेरिकेत शेतीसाठी त्याची मर्यादा किलोला ३७० बेकरेल आहे. तपासणी अहवाल मागायला संकोच नको.

पालेभाजीची गोष्ट वेगळी. हवेतल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूपासून तयार होणारं शिसं-२१० आणि पोलोनियम-२१० (दोन्ही किरणोत्सारी) पानांवर बसतं, शिवाय पावसाने उडालेली माती चिकटते. आच्छादन करा, काढणीनंतर पानं वाहत्या पाण्यात धुवा, कंदमुळांची माती शेतातच झाडा. खत कोणतं घातलं यापेक्षा इथे धुण्याने जास्त फरक पडतो.

अणुअपघातानंतर तर पोटॅशच कामी आलं. जपानमधल्या फुकुशिमात २०११ च्या अणुभट्टी अपघातानंतर भातखाचरांत पोटॅश वाढवून दिलं, कारण जमिनीत पोटॅशियम पुरेसं असलं की भाताची मुळं किरणोत्सारी सीझियम कमी उचलतात.

माल पॅक करताना खोक्यावर ‘किरणोत्सारमुक्त’ छापू नका. तपासणीत असा दावा एका मिनिटात कोसळेल. त्याऐवजी माती परीक्षणाची तारीख आणि दिलेली खतमात्रा लिहा.