एमएचा मायक्रो आणि बारावीचा तक्ता

अर्थशास्त्राच्या एमएच्या पहिल्या आठवड्यात अप्पा बळवंत चौकातून मायक्रोचं, म्हणजे सूक्ष्म अर्थशास्त्राचं, व्हेरियन या लेखकाचं सेकंडहँड पुस्तक घेऊन आलो. रूमवर उघडलं, तर पहिलंच प्रकरण उत्पादन संचांवर. ओळखीचा मागणी वक्र शोधून सापडेना. तीन दिवस कुढलो, मग एका सीनियरनं हसत सांगितलं, ‘अरे, व्हेरियनची दोन पुस्तकं आहेत.’ एक पदवीच्या मुलांसाठी, त्यात कलन बरंचसं परिशिष्टांत ठेवलंय. दुसरं पदव्युत्तर, ते माझ्या हातात. तुम्ही माझ्यासारखे मराठी माध्यमातून बीए करून आला असाल, तर पहिला महिना-दीड महिना पदवीचंच वाचा, लाजू नका. मास-कोलेल, व्हिन्स्टन आणि ग्रीन यांचं १९९५ चं जाडजूड पुस्तक वर्गात सगळे मिरवतात. ते व्याख्या तपासायला जवळ ठेवावं. पहिल्या पानापासून वाचत गेलेला आमच्या बॅचमध्ये तरी कोणी नव्हता.

माझी खरी पंचाईत बारावीनं केली. नग, एकूण उपयोगिता (मिळालेलं समाधान), सीमान्त उपयोगिता (आणखी एका नगातून मिळणारं जादा समाधान) असे तीन रकाने. पाचव्या नगाला शून्य, सहाव्याला उणे. हा तक्ता मी बीएपर्यंत पाठ म्हणत आलो होतो. तिसऱ्या-चौथ्या तासाला सरांनी फळ्यावर ‘क्ष × य’ लिहिलं, शेजारी ‘लॉग क्ष + लॉग य’ लिहिलं आणि विचारलं, ही दोन माणसं वेगळी की एकच?

क्ष म्हणजे चहा, य म्हणजे वडापाव समजा, आणि फलन म्हणजे दोन्हींतून मिळणाऱ्या उपयोगितेचा आकडा. पहिल्या फलनात वडापाव तेवढेच ठेवून चहा वाढवत गेलात, तर प्रत्येक जादा चहाची सीमान्त उपयोगिता ‘य’च राहते, घटत नाही. दुसऱ्यात ती १ भागिले क्ष, म्हणजे प्रत्येक कपाबरोबर घटते. मग घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धांत खरा कोणाच्या बाबतीत? आम्ही गोंधळलो. उत्तर असं, की दुसरं फलन म्हणजे पहिल्याचाच लॉग. लॉग घेतल्यानं आकडे बदलतात, क्रम बदलत नाही. कुठलेही दोन पर्याय समोर ठेवा, दोघंही तोच उचलणार. म्हणजे माणूस एकच, आणि घोकलेला सिद्धांत त्याच्या निवडीबद्दल काहीच सांगत नाही. दोन्हीकडे सारखं राहतं ते य भागिले क्ष हे गुणोत्तर: आणखी एका चहासाठी तो किती वडापाव सोडेल. समवृत्ती वक्राचा, म्हणजे सारखंच समाधान देणारे पर्याय जोडणाऱ्या रेषेचा, उतार तो हाच. हे डोक्यात बसायला मला पंधरा दिवस लागले. बसल्यावर अर्धा उपभोक्ता सिद्धांत सरळ झाला.

खिशातल्या पैशांच्या मर्यादेत सर्वांत चांगला पर्याय काढायची लाग्रांजची रीत सगळ्यांना दोन दिवसांत जमते. मात्र त्यात त्या मर्यादेला जोडलेला गुणक, लॅम्डा, म्हणजे काय, हे विचारलं की वर्ग गप्प. तिथे मी केलं ते सांगतो. चहा १० रुपये, वडापाव २०, खिशात २००. क्ष × य घेऊन सोडवा: १० चहा, ५ वडापाव, उपयोगिता ५०, लॅम्डा ०.५. आता खिशात २०१ ठेवून पुन्हा सोडवा. उपयोगिता ५०.५ च्या जरा वर. एक जादा रुपया किती उपयोगाचा, ते लॅम्डा सांगतो. मग तेच गणित नॅचरल लॉगवाल्या फलनानं करा: चहा-वडापाव तेवढेच, लॅम्डा मात्र ०.०१. म्हणजे उपभोक्त्याच्या गणितात या आकड्याला स्वतःचा अर्थ नाही. कंपनीचा खर्च किमान करायच्या गणितात मात्र हाच लॅम्डा सीमान्त खर्च होतो, चक्क रुपयांत. तोंडी परीक्षेत हमखास विचारतात.

इंग्रजीचं म्हणाल, तर सिद्धांताची इंग्रजी सोपी असते. तीन-चारशे शब्दांत सत्र निघतं. अडतं ते ‘प्रत्येकासाठी’ आणि ‘असा एक आहे’ यांच्या क्रमावर. ‘प्रत्येकाला एक गाणं आवडतं’ आणि ‘एक गाणं आहे, जे प्रत्येकाला आवडतं’ यांतला फरक मराठीत चटकन कळतो, म्हणून मी सिद्धतेची प्रत्येक ओळ आधी मराठीत लिहून काढायचो. वेळ खाणारं काम, पण दुसरा उपाय मला सापडला नाही.

घर निफाड तालुक्यात. दिवाळीत गेलो तेव्हा अण्णा कांद्याच्या भावावर बोलत होते. मी नवाच शहाणा. म्हटलं, ‘अण्णा, मागणी अलवचिक आहे. माल थोडा वाढला तरी भाव त्याहून जास्त टक्क्यांनी पडतो, म्हणून पीक चांगलं आलं की सगळ्यांचं मिळून उत्पन्न उलट कमी होतं. कमी लावायला हवा.’

अण्णा म्हणाले, ‘मी एकट्यानं कमी लावला तर लासलगावचा भाव वाढेल का रे?’

नाही वाढणार. पूर्ण स्पर्धेतला विक्रेता बाजारभाव आहे तसा स्वीकारतो, ही व्याख्या मी परीक्षेत लिहिली होती. घरात बसलेली दिसली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर लिलावाला गेलो. व्यापारी एका ट्रॉलीवरून दुसरीवर जात बोली चढवत होते. आपला माल घेणारे मोजके असले, की पाठ्यपुस्तकातली असंख्य ग्राहकांची अट कुठे राहते, हा प्रश्न तिथे पडला आणि पुढे माझा प्रकल्प त्यावरच झाला.

तेव्हापासून एक सवय लागली: कुठलाही सिद्धांत आला की कोणतं गृहीतक कोणत्या ओळीत खर्ची पडतं, ते समासात लिहायचं. कल्याणाच्या पहिल्या सिद्धांताला (स्पर्धेच्या बाजारातली वाटणी कार्यक्षम असते) कॉन्व्हेक्स पसंती, म्हणजे टोकांपेक्षा मिश्रण आवडणं, लागत नाही; दुसऱ्याला (कुठलीही कार्यक्षम वाटणी आधी पैशांची फेरवाटणी करून बाजारातून गाठता येते) लागते. अमुक अट काढली तर काय मोडेल, असे प्रश्न पेपरात येतात, आणि पाठांतरवाले तिथेच अडकतात.

गेम थिअरीला (एकमेकांवर अवलंबून असलेल्या निर्णयांचं गणित) घाबरू नका, कूर्नोचं १८३८ चं दोन विक्रेत्यांचं गणित हातानं सोडवलं की नॅशचा समतोल, म्हणजे एकट्यानं निर्णय बदलून कोणाचाच फायदा न होण्याची स्थिती, निम्मा कळतो. प्रॉब्लेम सेट तिघांनी मिळून करा, पण लिहा एकेकट्यानं. मी पहिल्या सत्रात मित्राचं उत्तर समजून घेऊन उतरवत राहिलो आणि मिडटर्मला वीसपैकी सात मिळाले.

गेलेल्यांतले दोन मार्क एजवर्थच्या पेटीवर, म्हणजे दोन माणसांत दोन वस्तूंची वाटणी दाखवणाऱ्या आकृतीवर, गेले. दुसऱ्या माणसाचा आरंभबिंदू वरच्या उजव्या कोपऱ्यात असतो, हे घाईत विसरलो आणि दोघांचेही वक्र एकाच बाजूला वाकवले. स्पर्शबिंदू मिळेना, म्हणून अंदाजानं एक टिंब दिलं. आता दुसऱ्या माणसाचे वक्र काढायची वेळ आली की वही उलटी फिरवतो.